सहाशे मीटरचं यान टेबलावर उतरवताना

मॅडम, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. सांगलीच्या तुमच्या शाळेतल्या विज्ञान मंडळाच्या मुलांनी एक गोष्ट रचली आहे. तीत ‘कोयना’ नावाचं सहाशे मीटर लांबीचं यान शनीच्या कड्यांमधला बर्फ भरून आणतं आणि तो जत-आटपाडीकडे उतरवतं. पुढे पाचरीसारखा निमुळता भाग, त्यामागे माणसांना राहायला फिरतं चक्र, मग बर्फाच्या टाक्या आणि शेवटी इंजिनं. दीड मीटरचं लेगो मॉडेल करायचं ठरलं. मुलांनी स्टुडिओ सॉफ्टवेअरमध्ये बाहेरचं कवच जवळजवळ पुरं केलं, पाच-सहा हजार तुकडे झाले. पण पुढच्या भागाचा नमुना खऱ्या ब्रिकमध्ये जोडून उचलला तर तो मधोमध मोडला. तुम्ही विचारता, हे कवच आतून भक्कम कसं करायचं?

माझं उत्तर असं की कवच भक्कम करूच नका. त्याने स्वतःचं वजन पेललं की त्याचं काम झालं. भार घेणारी वस्तू वेगळी हवी आणि ती कवचाच्या आधी आखलेली हवी. मी साताऱ्याच्या एमआयडीसीत जिग-फिक्स्चरची (यंत्रावर काम चालू असताना वस्तू पकडून ठेवणाऱ्या साधनांची) डिझाइनं करतो, मोठी ब्रिक मॉडेलं हा संध्याकाळचा उद्योग. दोन्हीकडे क्रम एकच असतो. वस्तू कशावर टेकणार, वजन कुठल्या वाटेने टेबलापर्यंत जाणार, हे पहिल्यांदा. मग कणा. मग कोन. कवच सगळ्यात शेवटी. आणि चित्र एक म्हणतंय, ब्रिक दुसरं म्हणतंय अशी वेळ आली की चित्राने माघार घ्यायची. गोष्ट मुलांचीच आहे, त्यामुळे लेखकाची परवानगी लगेच मिळेल.

मुलांना आधी एक गोष्ट सांगा: लेगो ब्रिक दाबाने मोडत नाही. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत २०१२ मध्ये २×२ ब्रिक यंत्राखाली दाबून पाहिली होती, ती सरासरी ४,२४० न्यूटन म्हणजे सुमारे ४३२ किलो भारापर्यंत टिकली. तुमचं अख्खं यान सहा ते नऊ किलोचं होईल (मी एका तुकड्याला सरासरी एक ते दीड ग्रॅम धरतो, अंदाजाला पुरतं). म्हणजे चिरडण्याची भीती शून्य. मॉडेल मोडतं ते ताणाने. लांब वस्तू दोन टोकांना धरून उचलली की वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते आणि खालच्या बाजूला स्टडची (ब्रिकच्या डोक्यावरच्या गोल बोंडांची) पकड एवढाच आधार असेल तर ती सुटते. ती पकड म्हणजे नुसतं घर्षण. म्हणून नियम असा की ताण जिथे येतो तिथे स्टडवर विसंबायचं नाही, टेक्निकच्या (लेगोचाच भोकांच्या पट्ट्यांचा प्रकार) पिनांवर विसंबायचं. पिन आडवी बसते, ताण तिला कापायला बघतो, उपटायला नाही.

आता माप. सहाशे मीटरचे दीड मीटर करायचे तर प्रमाण १:४०० येतं. हे प्रमाण योगायोगाने फार सोयीचं आहे. ब्रिकची उंची ९.६ मिमी, म्हणजे गोष्टीतले ३.८ मीटर, एक मजला. प्लेटची (चपट्या तुकड्याची) उंची ३.२ मिमी, म्हणजे सव्वा मीटर. पावणेदोन मीटरचा माणूस या मॉडेलवर साडेचार मिमीसुद्धा भरत नाही. मुलांनी कवचावर १×१ च्या गोल पारदर्शक प्लेटा खिडक्या म्हणून लावल्या आहेत असं तुम्ही लिहिलंत. ती एकेक खिडकी तीन मीटरहून मोठी झाली आणि नजर लगेच हिशोब करते की यान सहाशे मीटरचं नसून साठ मीटरचं आहे. त्या काढून टाका. दोन प्लेटांमध्ये एका प्लेटीएवढी आडवी फट सोडा आणि फटीच्या मागे पिवळसर पारदर्शक तुकड्यांची ओळ ठेवा, मजल्याचे दिवे तिथेच दिसतील. मोठेपणा दाखवायला लहान खुणा लागतात.

लांबी मात्र १५०० मिमी न घेता १५३६ घ्या. स्टडचं अंतर ८ मिमी असतं, १५०० म्हणजे १८७.५ स्टड, नको ती कटकट. १५३६ म्हणजे बरोबर १९२ स्टड. १९२ ला ८ ने भाग जातो आणि कण्यासाठी आपल्याला आठच हवे आहेत. यान ६१४ मीटरचं होईल, एवढं चालवून घ्या. त्याचे चार भाग पाडा: पाचर ७२ स्टड, चक्राचा भाग २४, टाक्या ५६, इंजिनं ४०. हे भाग वाहतुकीलाही उपयोगी पडतील, त्याबद्दल पुढे.

कण्यावर जरा थांबतो, कारण तुमचं यान टिकेल की नाही ते इथेच ठरतं. भरीव ब्रिकची जाड तुळई करू नका. वजन वाढतं आणि स्टडचेच जोड राहतात. टेक्निक बीमची जाळीदार तुळई करा, रेल्वेच्या लोखंडी पुलावर असते तशीच त्रिकोणांची. बीमला ८ मिमी अंतराने भोकं असतात. काटकोन त्रिकोण ३-४-५ सगळ्यांना पाठ असतो, पण बीम निवडताना मुलं हमखास फसतात: पाच भोकांच्या बीमच्या टोकाच्या भोकांमधलं अंतर चार असतं. लांबी नेहमी भोकांपेक्षा एकने कमी. ३-४-५ साठी चार, पाच आणि सहा भोकांचे बीम लागतील आणि जाड सरळ बीम मिळतात ते बहुतेक विषम भोकांचे. म्हणून दुप्पट करा, ६-८-१०. त्याला सात, नऊ आणि अकरा भोकांचे बीम लागतात आणि तिन्ही सहज मिळतात. उभा बीम सातचा, आडवा खण आठ स्टडांचा, कर्ण अकराचा. १९२ स्टडांत असे २४ खण बसतात. कर्ण एका खणात उजवीकडे झुकलेला, पुढच्यात डावीकडे.

वरचे आणि खालचे लांब पट्टे पंधरा भोकांच्या बीमचे करा, पण दुहेरी, आणि एका ओळीतला जोड दुसऱ्या ओळीतल्या बीमच्या मध्यावर येईल असे सरकवून. गवंडी विटांचे सांधे चुकवतो त्याच कारणाने. अशा दोन जाळ्या समोरासमोर उभ्या करून आडव्या बीमने बांधल्या की पेटी तयार होते. पेटीच्या आडव्या अंगालाही काही खणांत कर्ण द्या. ते विसरलं तर यान वाकत नाही, पण पिळलं जातं, आणि पिळलेल्या कण्यावरचं कवच कधीच जुळत नाही.

कण्याची उंची जेवढी देता येईल तेवढी द्या. तुळईचा ताठपणा उंचीबरोबर फार झपाट्याने वाढतो आणि उलट, दर इंचाचं वजन तेच ठेवून लांबी दुप्पट केली तर मध्ये येणारा बाक सोळापट होतो. फूटभर लांबीचं मॉडेल ताठ राहिलं म्हणून दीड मीटरचं राहील असं मानण्यात इथेच गफलत होते. स्टुडिओ तुम्हाला हे सांगणार नाही. त्याच्या मुळाशी एलड्रॉ ही संगणकावर ब्रिक मांडायची १९९५ पासूनची पद्धत आहे, जेम्स जेसिमन यांनी सुरू केलेली. तीत स्टडचं अंतर २० एकक, प्लेट ८ आणि ब्रिक २४. मापं अचूक, पण त्या जगात गुरुत्वाकर्षण नाही. त्यातली स्थिरता तपासायची सोय सुटे राहिलेले जोड शोधण्यापुरती वापरा, त्यापुढे तिच्यावर भरवसा नको.

यान टेकवायचं कुठे? दोन्ही टोकांना पाय देण्याचा मोह होतो, दिसायलाही ते बरं वाटतं. पण सारख्या वजनाची तुळई टोकांवर न टेकवता दोन्हीकडून एकूण लांबीच्या ०.२०७ पट आत टेकवली, तर तिच्यात येणारा वाकवणारा जोर जवळजवळ एक षष्ठांश होतो. नववीच्या मुलांना हे सिद्ध करता येणार नाही, पण लाकडी पट्टी आणि दोन पेन्सिली घेऊन बघता नक्की येईल. तुमच्या १९२ स्टडांत हे अंतर जवळपास ४० स्टड येतं, म्हणजे पाच खण. मात्र तुमच्या यानाचं वजन सारखं वाटलेलं नाही, नाक हलकं आणि इंजिनं जड. म्हणून दोन्ही पाय थोडे मागे सरकतील. किती, ते स्वयंपाकघरातल्या दोन वजनकाट्यांवर कळतं. कणा आणि त्यावरचा अंदाजी भार दोन काट्यांवर तोलून धरा, आकडे लिहा, गुरुत्वमध्य काढा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवा. पुढचा पाय चक्राच्या अगदी अलीकडे येईल असं मला वाटतं आणि ते चांगलंच आहे.

स्टँड लोखंडाचा असला तर माझी काही हरकत नाही. ‘सगळं लेगोचंच हवं’ हा हट्ट यानापुरता ठेवावा. पण कण्याच्या आत सळई घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ब्रिकचं एबीएस प्लॅस्टिक तापलं की लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त वाढतं. दीड मीटर लांबीवर वीस अंशांच्या फरकाला दोन मिलिमीटरच्या आसपास तफावत पडते आणि सांगलीत जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत वीसहून जास्तच अंश असतात. सळई आणि प्लॅस्टिक एकमेकांना ओढत बसतात आणि पिनांची भोकं सैल होतात.

आता पाचर, म्हणजे तुमचा मोडलेला भाग. इथे गणित खरोखर मजेचं आहे, दोन तास वर्गात घालवायला हरकत नाही. पाचरीच्या वरच्या बाजूला जुन्या कौलारू घराच्या छपरासारखी दोन पाखी आहेत असं समजा. मधली उंच कड म्हणजे आढं, बाहेरची खालची कड म्हणजे वळचण. प्रत्येक पाखं हा एक त्रिकोण आहे, पण तो जमिनीला समांतर नाही, दोन दिशांनी तिरका आहे. त्यामुळे वरून काढलेल्या चित्रात दिसते ती लांबी खरी नसते. मुलांनी चित्रातली लांबी घेऊन पाखी केली असतील तर ती एकमेकांना भिडणारच नाहीत. मग जोर लावून भिडवली जातात, ताण साठतो आणि उचलताना कडाक्कन सुटतात. नमुना मोडला तो बहुधा असाच.

पाचरीची लांबी ७२ स्टड. आढ्याची उंची आणि अर्धी रुंदी आपल्याला निवडायची आहे. तिरक्या कडा पूर्णांकात आल्या तर ब्रिकचं काम सोपं. उंची २१ घ्या: ७२ आणि २१ चा कर्ण बरोबर ७५ (७-२४-२५ ची तिप्पट). ही आढ्याची खरी लांबी. अर्धी रुंदी २८ घ्या: २८ आणि २१ चा कर्ण बरोबर ३५ (३-४-५ ची सातपट). ही मागची कड. वळचणीची कड मात्र ७२ आणि २८ चा कर्ण, ७७.२५ येते, पूर्णांक नाही. तीही पूर्णांक हवी असा हट्ट धरला तर गणितात उत्तर आहे, पाउल हाल्के या जर्मन हिशेबनिसाने १७१९ मध्ये सापडवलेलं सगळ्यात लहान त्रिकूट: ४४, ११७ आणि २४०. त्या मापाची नुसती पाचर १.९२ मीटर लांब आणि १.८७ मीटर रुंद होईल. वर्गाच्या दारातून आत येणार नाही. तेव्हा दोन कडांवर समाधान माना.

खरी गंमत पुढे आहे. ७२-२१-२८ या मापांनी पाखं सपाट पसरून पाहिलं तर नाकापाशी त्याचा कोन २६.५३ अंश येतो. आणि दोन स्टडांत एकने अरुंद होणारी २×२ ची तिरकी प्लेट असते, तिचा कोन २६.५७ अंश. सव्वासत्त्याहत्तर स्टडांच्या अख्ख्या वळचणीवर अर्ध्या मिलिमीटरचाही फरक पडत नाही. म्हणजे या एकाच प्रकारच्या तुकड्यांच्या ओळीने वळचण सरळ रेषेत येते, कुठेही पायरी नाही. अर्धी रुंदी ३० घेतली असती तर कोन २७.६ झाला असता, कडेला अकरा मिमीची चूक जमली असती आणि ती झाकण्यासाठी मुलं रात्रंदिवस बसली असती. दोन स्टड कमी करण्याने काम एवढं हलकं होतं. चित्राने माघार घ्यावी म्हणतो ती अशी.

पाख्याची मागची कड आढ्याशी काटकोनात नसते, बाहेर जाताना साधारण सहाला एक या हिशोबाने पुढे सरकते. तिथे पायऱ्या येतील. येऊ द्या, त्या चक्राच्या आधीच्या पट्टीखाली झाकल्या जातात.

पोट मी सपाट ठेवलं असतं. वर-खाली सारखी पाखी लावली तर मागे ४२ स्टड जाडी होते आणि स्टँडला जागा उरत नाही. सपाट पोटाचा त्रिकोण ७२ लांब आणि एका बाजूला २८ रुंद. २×२ ची तिरकी प्लेट दोन स्टडांत एक उतरते, २×३ ची तीन स्टडांत एक. दोन्ही मिळून लांबी ७२ आणि उतार २८ भरायचा. दोन चलांची रेषीय समीकरणं नववीला आहेतच. उत्तर येतं १२ आणि १६, नेमकं, उरलं-सुरलं काही नाही. फक्त हे तुकडे सलग न लावता विखरून लावा, म्हणजे रेषा मध्येच वाकल्यासारखी दिसणार नाही. डावे आणि उजवे तुकडे वेगळे येतात, यादी करताना लक्ष असू द्या.

पाखं म्हणजे प्लेटांचे दोन थर, खाली मोठ्या प्लेटा, वर लहान, सांधे चुकवून. आढ्याकडे ते बिजागऱ्यांनी कण्याला टांगा आणि वळचणीकडे पोटाच्या कडेवर नुसतं टेकू द्या. तिथे पक्कं बांधू नका. कोन मोजायचीही गरज नाही, तिन्ही कडा बरोबर असल्या की पाखं आपल्या कोनात आपोआप येऊन बसतं. लेगो कंपनीने २००२ साली तीन हजारांहून जास्त तुकड्यांची एक मोठी त्रिकोणी युद्धनौका विकायला काढली होती, तिच्या कवचाचे मोठे पत्रे चुंबकांनी जागेवर धरलेले होते. मोठ्या कंपनीनेसुद्धा कवचाला भार घ्यायला लावलं नव्हतं, एवढं त्यातून घ्या. उंचीचे २१ स्टड प्लेटांत मोजले तर साडेबावन्न होतात. कणा टेक्निकचा असल्याने उभं मापही ८ मिमीच्या पटीत मिळतं आणि हा अर्धा आड येत नाही. कुठे आलाच तर ब्रॅकेटचं (काटकोनात वळलेल्या तुकड्याचं) पातळ अंग बरोबर अर्ध्या प्लेटीचं, १.६ मिमीचं असतं.

चक्र. मुलांना सांगा, गोल करायचं नाही, सोळा बाजूंचं करायचं. ‘टक’ आवाज करत अडकणाऱ्या लेगो बिजागऱ्या २२.५ अंशांच्या टप्प्यांनी फिरतात आणि सोळा गुणिले २२.५ म्हणजे ३६०. प्रत्येक खोली ८ स्टड रुंद केली की मध्यापासून बाजूचं अंतर २०.१ स्टड येतं, म्हणजे चक्र साधारण ४० स्टड रुंद, ३२ सेंटीमीटर. सोळा सारख्या खोल्या: सोळा मुलांना एकेक वाटून द्या, रविवारी कामं भराभर होतील.

हे चक्र गोष्टीत ६४ मीटर त्रिज्येचं झालं. त्यातल्या माणसांना पृथ्वीएवढं वजन जाणवायचं असेल तर एक फेरा १६ सेकंदांत व्हायला हवा, मिनिटाला ३.७ फेरे. मॉडेलही त्याच गतीने फिरवा. कड सेकंदाला जेमतेम सहा सेंटीमीटर सरकेल, संथ आणि भारदस्त. मोटर लावली की मुलं ती जोरात फिरवून बघणारच, बघू द्या, पण प्रदर्शनात नको. जोरात फिरलं की सहाशे मीटरचं यान पंखा दिसायला लागतं.

अडचण अशी की फिरत्या चक्राच्या मधून कणा जायला हवा. टेक्निकच्या साध्या टर्नटेबलच्या (फिरत्या चकतीच्या) भोकातून सहा-आठ स्टडांची पेटी जात नाही, आणि कणा तिथे बारीक करायचा म्हणजे जिथे जोर येतो तिथेच तो अशक्त करायचा. हे अजिबात करू नका. दात्यांच्या वक्र पट्ट्या मिळतात, एकेक पाव वर्तुळाची आणि ३५ दात्यांची. चार जोडल्या की १४० दात्यांचं मोठं वर्तुळ होतं आणि त्यातून कणा सुखाने जातो. कण्यावर चारी अंगांना लहान चाकं बसवून त्यांवर हे वर्तुळ फिरवा. २० दात्यांचं चाक लावलं तर त्याला मिनिटाला २६ फेरे हवेत, मोटरपासून तिथपर्यंत गती किती उतरवायची ते त्यावरून ठरेल. चक्र लावण्याआधी मोकळं फिरवून बघा. नेहमी एकच खोली खाली येऊन थांबत असेल तर ती जड आहे.

टाक्या सोप्या आहेत. गोल टाकी हवी तर मध्ये चहूबाजूंना स्टड असलेल्या ब्रिकचा घन करा आणि त्याच्या सहा अंगांवर प्लेटांचे सहा सारखे घुमट बसवा. पाच प्लेटांची उंची बरोबर दोन स्टडांच्या रुंदीएवढी असते (दोन्ही १६ मिमी), म्हणून आडव्या-उभ्या दिशांची मापं जुळतात. आडव्या स्टडांचं सगळं तंत्र या एका आकड्यावर उभं आहे.

बारीकसारीक नक्षी, पाइप, पेट्या, जाळ्या यांचा उत्साह मुलांना सगळ्यात जास्त असतो आणि बिघडतंही इथेच. सगळीकडे नक्षी केली की कुठेच दिसत नाही. पाखी जवळजवळ कोरी ठेवा. वळचणीखालची खाच, चक्राची पट्टी, टाक्यांमधल्या फटी आणि इंजिनं, एवढ्याच जागी गर्दी करा. आणि गर्दीलाही कारण हवं. मुलांना एकदा साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसला घेऊन जा, सांगलीत त्यासाठी लांब जावं लागणार नाही. तिथला कुठलाही पाइप बघा: तो कुठून तरी निघतो, कुठेतरी पोचतो, वाटेत व्हॉल्व्ह असतो, व्हॉल्व्हपाशी माणूस पोचेल अशी शिडी असते. ‘कोयने’वरच्या प्रत्येक नळीबद्दल ‘यातून काय वाहतं?’ असं विचारा. उत्तर आलं नाही तर नळी काढा. बर्फ वितळवणारं यान आहे, उष्णता घालवायला मोठे सपाट पंख लागतील, ते चित्रात नाहीत. टाक्यांच्या बाजूला ते लावले तर नक्षीपेक्षा जास्त शोभतील.

रंग दोन-तीनच ठेवा. जुने सेट गोळा करणार असाल तर एक माहिती हवी: लेगोने २००४ च्या सुमारास आपले करडे रंग बदलले, नव्यात निळसर झाक आहे. जुना आणि नवा करडा शेजारी आले की डाग पडल्यासारखं दिसतं. जुने तुकडे कण्यात घाला. पांढरा रंग कवचाला नको, उन्हाने पिवळा पडतो. ऊन म्हटलं तर मॉडेल खिडकीपासून लांब ठेवा, आणि मे महिन्यात बंद गाडीत तासभरसुद्धा ठेवू नका. ताण बसलेला एबीएसचा तुकडा उष्णतेने कायमचा वाकतो. धुळीला रंगाऱ्याचा मऊ ब्रश. धुवायची वेळ आली तर पाणी चाळीस अंशांच्या आतच.

पैशांचं. परदेशातून सुटे तुकडे मागवायचा विचार असेल तर सीमाशुल्क आधी मोजा: खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. ब्रिकचं १९५८ चं मूळ पेटंट केव्हाच संपलेलं आहे, त्यामुळे इतर कंपन्यांच्या जुळणाऱ्या ब्रिक सर्रास मिळतात आणि शाळेच्या खिशाला त्याच परवडतील. त्या वापरण्यात कमीपणा काही नाही. दोन पथ्यं मात्र पाळा. कण्याचे बीम आणि पिना एकाच कंपनीच्या आणि चांगल्या घ्या, पकड कमी-जास्त झाली तर कणा डुगडुगतो. कवचाचे सगळे तुकडे एकाच खेपेत मागवा, दोन खेपांचा करडा कधीकधी दोन करडे असतो. पिना यादीपेक्षा दहा टक्के जास्त घ्या, वर्गात त्या फरशीच्या फटींत जातात.

वाहतुकीसाठी चारही भाग सुटे राहू द्या. सगळ्यात लांब भाग पाचर, ५७.६ सेंटीमीटर, टीव्हीच्या खोक्यात बसते. दोन भागांच्या कण्याची टोकं एकमेकांत तीन खण शिरतील अशी करा आणि पिनांनी बांधा. नुसतं टोकाला टोक भिडवू नका. पाखी प्रवासात काढून वेगळी गुंडाळा, टांगलेली असल्यामुळे ती झटकन निघतात. चक्र दोन अर्ध्यांत. सांगली-सातारा हमरस्त्याचं मला फारसं भय नाही, गावातले गतिरोधक वाईट. खोकी मांडीवर घेतलेली बरी.

कवचाचे तुकडे मागवण्याआधी एक चाचणी करा. नुसता कणा जोडा, दोन पायांवर ठेवा. दोन टोकांमध्ये दोरा ताणून बांधा आणि मध्ये दोरा-बीममधलं अंतर मोजा. मग यानाच्या वजनाच्या दीडपट भार टांगा. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे साधारण एक किलो, बारा बाटल्या पुरतील. जिथे इंजिनं येणार तिथे जास्त, नाकाकडे एखादीच. रात्रभर तसंच राहू द्या, कारण प्लॅस्टिक हळूहळूही वाकतं. सकाळी परत मोजा. तीन मिलिमीटरपर्यंत बाक असेल तर डोळ्याला दिसत नाही, खुशाल पुढे जा. पाचच्या वर गेला तर खालच्या पट्ट्यात बीमची तिसरी ओळ वाढवा, आणि बाटल्या काढल्यावर कणा सरळ होतो का तेही बघा. होत नसेल तर कुठल्यातरी खणात कर्ण बसवायचा राहिलेला असतो. चोवीसही खण एकेक करून हाताने चाचपा, सैल असेल तो लगेच सापडेल.